रताळ्याच्या सालीतील प्रतिकार : कंदमुळांच्या पिकांतील आनुवंशिक कीडरोधकता

पानावर पडलेली कीड शेतकऱ्याच्या दृष्टीस लवकर पडते. पाने कुरतडली गेली, शेंडे कोमेजले, की तो सावध होतो आणि सुचेल तो उपाय योजतो. जमिनीखाली पोसणाऱ्या पिकाची गोष्ट निराळी आहे. रताळ्याचा वेल वरंब्यावर हिरवागार पसरलेला असतो. त्याच्याकडे पाहून खाली काय चालले आहे ह्याची कल्पना येत नाही. काढणीच्या दिवशी माती बाजूला सारली म्हणजे काही मुळांवर छिद्रे दिसतात, काहींच्या सालीत कोरलेल्या नागमोडी रेषा दिसतात, आणि काही मुळे वरून धड वाटली तरी कापल्यावर आतून काळपट व कडू निघतात. तोपर्यंत उपायाची वेळ टळून गेलेली असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या अडचणीवर सोपा तोडगा सापडला, असे काही काळ वाटत होते. आल्ड्रिन, डीलड्रिन, हेप्टाक्लोर ह्यांसारखी दीर्घकाळ टिकणारी द्रव्ये लागवडीपूर्वी जमिनीत मिसळली म्हणजे हंगामभर काळजी उरत नसे. परंतु टिकाऊपणा हा जो त्यांचा गुण, तोच त्यांचा दोष ठरला. ती द्रव्ये जमिनीत व प्राण्यांच्या चरबीत साठत गेली, आणि जमिनीतील काही किडी त्यांना सरावल्याही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आल्ड्रिन व डीलड्रिन ह्यांच्या शेतीतील बहुतेक वापरावर १९७४ मध्ये बंदी आली. भारतात हुमणीसाठी सर्रास वापरली जाणारी बी. एच. सी. भुकटी १९९७ पासून बंद झाली. तेव्हा जे संरक्षण बाहेरून जमिनीत घालावयाचे, ते मुळाच्या अंगीच उपजत असू शकेल काय, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहिला नाही. रताळे हे थोड्या भांडवलावर व हलक्या जमिनीतही घेतले जाणारे पीक आहे. ज्याला औषधावर खर्च करणे शक्य नाही, त्याला बेण्याबरोबर मिळणारे संरक्षण हेच काय ते परवडणारे असते.

रोधकतेचे तीन प्रकार

एकाच शेतात, एकाच दिवशी लावलेल्या दोन वाणांपैकी एकाचे किडीने अतोनात नुकसान करावे आणि दुसऱ्याचे थोडेच करावे, आणि हा फरक पुढील पिढ्यांतही उतरावा, ह्यास आनुवंशिक रोधकता म्हणतात. ह्या विषयाची पद्धतशीर मांडणी कॅन्सस येथील कीटकशास्त्रज्ञ रेजिनल्ड पेंटर ह्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात केली. त्यांनी रोधकतेचे तीन प्रकार मानले. पहिला प्रकार अप्रियतेचा : वनस्पतीचा वास, रंग, स्पर्श किंवा रस किडीला रुचत नाही, म्हणून ती तेथे अंडी घालीत नाही वा चरत नाही. दुसरा प्रकार अपायकारकतेचा : कीड चरते, पण त्या अन्नावर तिची वाढ खुंटते, अळ्या मरतात किंवा पुढील पिढी अल्प होते. तिसरा प्रकार सहिष्णुतेचा : कीड तितकीच चरते, परंतु वनस्पती झीज भरून काढते व उत्पन्न फारसे घटत नाही.

धान्याच्या पिकात तिसरा प्रकार पुष्कळ उपयोगी पडतो. खोडाला थोडी इजा झाली तरी नवे फुटवे येतात आणि कणीस भरते. कंदमुळांच्या पिकात मात्र त्याचा आधार फारसा घेता येत नाही. कारण किडीचे भक्ष्य आणि माणसाचे अन्न ही येथे एकच वस्तू असते. रताळ्याचे वजन घटले नाही, पण त्यावर दहा छिद्रे पडली, तर ते बाजारात कोणी घेत नाही आणि साठवणीत ते कुजते. म्हणून येथे प्रजननकाराला अप्रियता आणि अपायकारकता ह्या दोनच गुणांच्या मागे लागावे लागते, आणि हे गुणही मुळाच्या पृष्ठभागावर, म्हणजे सालीत वा सालीलगत असावे लागतात. गरात पोचल्यावर किडीला अडविण्यात अर्थ उरत नाही. शिवाय किडीला अपायकारक द्रव्य गरात भरले, तर ते खाणाऱ्या माणसाचाही विचार करावा लागेल.

रताळ्याची आनुवंशिक घडण

रताळे हे मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे पीक. कोकणच्या किनाऱ्यावरील मर्यादवेल आणि पाणथळ जागेतील नाळेची भाजी ही त्याचीच भावंडे. ह्या कुळातील बहुतेक वेलींप्रमाणे रताळ्यालाही गारवेलीसारखी कर्ण्याच्या आकाराची फुले येतात. परंतु पुष्कळ वाणांना ती क्वचितच येतात आणि काहींना जवळजवळ येतच नाहीत. शेतकऱ्याला फुलांची गरज नसते, कारण लागवड वेलाच्या फाट्यांपासून होते. प्रजननकाराला मात्र फुलावाचून संकर नाही आणि संकरावाचून नवी निवड नाही.

आलेल्या फुलांतही अडचणी असतात. बहुतेक वाण स्ववंध्य असतात. स्वतःच्या परागाने त्यांना बी धरत नाही. काही वाणांच्या जोड्या परस्परांशीही वंध्य ठरतात. बोंडात फार तर चार बिया असतात, आणि त्यांचे कवच इतके कठीण असते की रुजविण्यापूर्वी ते खरवडावे किंवा गंधकाम्लात काही वेळ भिजवून मऊ करावे लागते. ह्या सर्वांच्या मुळाशी एक मोठी गोष्ट आहे. रताळ्याच्या पेशीत ९० गुणसूत्रे असून ती पंधरा-पंधराच्या सहा संचांत असतात. माणसात किंवा मटारात एका जनुकाच्या दोन प्रती असतात, येथे सहा. त्यामुळे मेंडेलच्या मटाराप्रमाणे तीनास एक असे स्वच्छ प्रमाण ह्या पिकात क्वचितच हाती लागते. त्यात भर अशी की, जमिनीतील किडींस होणारा प्रतिकार हा बहुधा एका जनुकाचा खेळ नसून अनेक जनुकांच्या अल्प अल्प परिणामांची ती बेरीज असते.

मात्र ह्या पिकाचा एक मोठा अनुग्रहही आहे. हजारो रोपांतून एखादे उत्तम रोप हाती लागले, की त्याचे गुण स्थिर करण्यासाठी पिढ्यानुपिढ्या खपावे लागत नाही. त्याचा फाटा तोडून लावला की तोच वाण, त्याच गुणांनिशी, हव्या तितक्या शेतांत उभा राहतो.

चार्ल्सटन येथील कार्य

ह्या अडचणी आणि हा अनुग्रह दोन्ही ध्यानात घेऊन जे सर्वांत विस्तृत कार्य झाले, ते अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन येथे. तेथील सरकारी भाजीपाला-प्रजनन प्रयोगशाळा १९३६ मध्ये स्थापन झाली. रताळ्याच्या शेतात तेथे अनेक किडी एकत्र नांदतात : तारेसारख्या कडक, पिवळसर अंगाच्या वायरवर्म अळ्या, डायाब्रोटिका व सिस्टेना ह्या भुंगेऱ्यांच्या अळ्या, सालीत नागमोडी रेषा कोरणारी पिसू-भुंगेऱ्याची अळी, आणि हुमणीच्या वर्गातील अळ्या. कोणते छिद्र कोणत्या अळीने पाडले, हे काढणीच्या वेळी पुष्कळदा सांगता येत नाही. म्हणून पहिल्या तिन्हींचे नुकसान एकत्र मोजण्याचा परिपाठ तेथे पडला.

आनुवंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड जोन्स, कीटकशास्त्रज्ञ कथबर्ट व पुढे शाल्क, आणि वनस्पतिरोगतज्ज्ञ ड्यूक्स अशा निरनिराळ्या शाखांच्या मंडळींनी हे काम एकत्र केले. एक रोधक वाण घ्यावा, त्याचा एका चांगल्या वाणाशी संकर करावा आणि रोधक जनुक उचलून आणावा, ही जुनी वाट त्यांनी सोडून दिली. षट्गुणित व स्ववंध्य पिकात ती वाट लवकर खुंटते. त्याऐवजी त्यांनी एका वाणाकडे न पाहता संपूर्ण समुदायाकडे पाहिले. अनेक ठिकाणांहून आणलेले भिन्न गुणांचे वेल एका शेतात जवळजवळ लावले, आणि परागीभवनाचे काम मधमाश्यांवर सोपविले. प्रत्येक वेलाचे बी वेगळे गोळा करून त्यापासून रोपे वाढविली. ज्या रोपांची मुळे बऱ्या आकाराची व कमी किडलेली निघाली, ती तेवढी राखून पुढच्या हंगामात पुन्हा त्यांच्यातच संकर होऊ दिला. अशी फेरी पुन्हापुन्हा केली. प्रत्येक फेरीत निवडीची चाळणी थोडी बारीक होत जाते, आणि निरनिराळ्या वेलांत विखुरलेली उपकारक जनुके हळूहळू एकत्र येतात. विरजण लावलेल्या दुधाचा गोळा जसा घुसळता घुसळता वर येतो, तशीच ही क्रिया आहे. पहिल्याच फेरीत लोण्याची अपेक्षा करावयाची नसते.

ह्या पद्धतीत मोजमापाला फार महत्त्व आहे. जमिनीतील कीड शेतभर सारखी पसरलेली नसते. एका कोपऱ्यात ती दाट असते तर दुसऱ्यात विरळ. म्हणून एखादे रोप धड निघाले, तर ते रोधक होते की केवळ दैवाने वाचले, हे एका निरीक्षणावरून ठरत नाही. त्यासाठी निवडलेल्या रोपाचे फाटे शेताच्या अनेक भागांत लावावे लागतात, त्यांच्या शेजारी हमखास किडणारा वाण तुलनेसाठी ठेवावा लागतो, आणि हे सर्व अनेक वर्षे करावे लागते. रोप स्वतंत्रपणे मरते, फाटा मात्र जितक्या ठिकाणी हवा तितक्या ठिकाणी जगतो. ह्या कारणाने रताळ्यात अशी पारख धान्यापेक्षा अधिक खात्रीने करता येते.

ह्या खटाटोपातून निघालेल्या ‘रेझिस्टो’ व ‘रीगल’ ह्या वाणांची वर्णने अनुक्रमे १९८३ व १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींचा गर नारिंगी. त्यांच्या अंगी जमिनीतील अनेक किडींचा प्रतिकार तर होताच. शिवाय फ्युझेरियम बुरशीमुळे होणारी मर आणि मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी ह्यांनाही ते पुष्कळ अंशी पुरून उरत. एका वाणात इतक्या शत्रूंविरुद्धचा प्रतिकार एकवटणे ही समुदायातील आवर्ती निवडीची फलश्रुती होय.

तरीही एका कटू सत्याची नोंद येथे केली पाहिजे. लुइझियाना राज्यातून १९८७ मध्ये ‘बोरगार्ड’ नावाचा वाण बाहेर पडला. त्याचे उत्पन्न भरपूर आणि मुळांचा घाट सुबक. परंतु जमिनीतील किडींपुढे तो दुबळा होता. अमेरिकेतील व्यापारी शेतकऱ्यांनी मात्र त्यालाच जवळ केले आणि चार्ल्सटनचे रोधक वाण मागे पडले. जोपर्यंत कीटकनाशक सहज मिळते, तोपर्यंत बाजार रोधकतेला किंमत देत नाही. म्हणून रोधकता हा गुण एकट्याने पुढे करून चालत नाही; उत्पन्न, घाट व चव ह्यांच्याबरोबरीने तो बांधून द्यावा लागतो.

सालीत काय असते

रोधक रताळ्याची साल किडीला का रुचत नाही, ह्याचा शोध रसायनशास्त्राच्या अंगानेही घेण्यात आला. ‘रीगल’च्या बाहेरच्या पातळ सालीत रेझिन ग्लायकोसाइड ह्या वर्गातील द्रव्ये विपुल आढळली. साखरेचे रेणू आणि स्निग्धाम्ल ह्यांच्या जोडणीतून ती बनतात, आणि ह्या कुळातील काही वनस्पतींच्या रेचक गुणाचे कारणही हीच द्रव्ये होत. कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्यांना ती कृत्रिम अन्नातून दिली असता त्यांची वाढ खुंटली व अनेक मेल्या. ह्याच द्रव्यांमुळे ‘रीगल’च्या सान्निध्यात लव्हाळ्याच्या जातीच्या तणाची वाढही मंदावते, असे दिसून आले. सालीत कॅफीक आम्लासारखी इतरही प्रतिबंधक द्रव्ये असतात. तेव्हा रोधकता म्हणजे एखादी जाड भिंत नव्हे. अनेक द्रव्यांनी मिळून घातलेला तो पहारा आहे. त्याचे नियमन अनेक जनुकांकडून का व्हावे, हेही ह्यावरून समजते.

सोंड्या भुंग्याचे आव्हान

आतापर्यंत ज्यांचा विचार केला त्या किडी मुळाला बाहेरून चावतात. सोंड्या भुंगा मात्र आत शिरतो, आणि जगातील रताळ्याचा सर्वांत मोठा शत्रू तोच होय. त्याच्या अनेक जाती आहेत. भारतात आढळणाऱ्या जातीचे वर्णन फाब्रिसियस ह्यांनी १७९८ मध्ये केले, तेही दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या नमुन्यांवरून. आफ्रिकेत ह्याच प्रजातीच्या निराळ्या दोन जाती प्रबळ आहेत. भारतीय भुंगा सुमारे ६ मिलिमीटर लांब, मुंगीसारख्या बांध्याचा, निळसर-काळ्या पाठीचा आणि तांबूस मानेचा असतो. मादी वेलाच्या बुडाशी किंवा मुळावर लहानसा खळगा पाडून त्यात एक अंडे घालते आणि तो विष्ठेने बंद करते. अळी आतल्या आत वाढते, आतच कोष करते, आणि भुंगा होऊनच बाहेर पडते. उष्ण हवेत ही सर्व फेरी महिना-सव्वा महिन्यात पुरी होते. अळी पोखरू लागली की मूळ स्वसंरक्षणार्थ कडू टर्पिनवर्गीय द्रव्ये तयार करते; त्यामुळे थोडेसे किडलेले रताळेही खाण्याजोगे राहत नाही. काढणीनंतर साठवणीतही ही कीड वाढतच जाते.

ह्या भुंग्याविरुद्ध रोधक वाण शोधण्याचे प्रयत्न दीर्घकाळ झाले. तैवानमधील आशियाई भाजीपाला संशोधन केंद्रात तळेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक वाण पारखले. परंतु एका हंगामात धड निघालेला वाण दुसऱ्या हंगामात किडे. एका ठिकाणी तरलेला दुसऱ्या ठिकाणी बुडे. खात्रीचा रोधक वाण हाती लागला नाही. ह्या अपयशातूनही पुष्कळ शिकता आले. भुंग्याला माती उकरून खोल जाता येत नाही. जमिनीला पडलेल्या भेगांतून तो मुळापर्यंत पोचतो. म्हणून ज्या वाणाची मुळे खोल बसतात किंवा जो लवकर तयार होतो, तो पुष्कळदा वाचतो. हे वाचणे म्हणजे रोधकता नव्हे; ती चुकवाचुकव होय. तीच मुळे भुंग्यांसमवेत पेटीत ठेवली तर ती किडतात. पारख करताना ह्या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर निवडीची वर्षे वाया जातात.

पुढे मादीच्या वर्तनाचा अभ्यास झाला. किडणाऱ्या एका अमेरिकन वाणाच्या सालीवर बोमेरिल ॲसिटेट नावाचे एक द्रव्य आढळले. ते मादीला अंडी घालण्यास प्रवृत्त करते. ज्या मुळाच्या सालीत हे द्रव्य कमी, ते मादीला कमी आकर्षक असावे, अशी दिशा ह्यातून मिळाली. दुसरी आणि अधिक आशादायक दिशा युगांडातून आली. तेथील शेतकऱ्यांच्या ‘न्यू कावोगो’ ह्या वाणावर भुंग्याचा उपद्रव कमी होतो, हे आढळल्यावर त्याच्या मुळाचे रासायनिक परीक्षण करण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या संशोधनात असे दिसले की, त्याच्या मुळांत व चिकात कॅफीक व कूमारिक आम्लांची लांब शृंखलांची एस्टरे अधिक असतात. ती किडणाऱ्या वाणाच्या मुळावर लावली असता भुंग्याचे चरणे व अंडी घालणे कमी झाले, आणि अन्नात मिसळली असता अळ्या मेल्या. म्हणजे येथे अप्रियता आणि अपायकारकता दोन्ही एकत्र आल्या. ‘न्यू कावोगो’चा ‘बोरगार्ड’शी संकर करून हा गुण संततीत कसा वाटला जातो, ह्याचाही अभ्यास पुढे झाला. ह्याउलट, जीवाणूंतील विषप्रथिनांची जनुके रताळ्यात घालण्याचा जो प्रयत्न झाला, त्यातून युगांडातील क्षेत्रचाचण्यांत अपेक्षित संरक्षण मिळाले नाही.

रानटी नातलगांचा उपयोग

लागवडीतील वाणांत रोधकता अपुरी पडली, तर रानटी नातलगांकडे वळावे लागते. ह्याचे चांगले उदाहरण गाजराचे आहे. गाजरमाशीच्या अळ्या गाजरात तांबूस बोगदे करतात. इंग्लंडमधील वेल्सबर्न येथील भाजीपाला संशोधन केंद्रात पीटर एलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराचे वाण तपासले, तेव्हा ‘सिटान’सारख्या काही वाणांत आंशिक रोधकता आढळली, संपूर्ण रोधकता कोठेच नव्हती. लीबियातील ‘डॉकस कॅपिलिफोलियस’ ह्या रानटी गाजरात मात्र ती बरीच अधिक निघाली. तिची आणि लागवडीतील गाजराची गुणसूत्रे सारखीच, अठरा, असल्याने संकर सुलभ झाला, आणि अशा प्रयत्नांतून ‘फ्लायअवे’सारखे वाण निघाले. रताळ्यात ही वाट इतकी सरळ नाही. त्याचे बहुतेक रानटी नातलग द्विगुणित आहेत व त्यांची मुळे बारीक असतात. तेथून गुण आणावयाचा तर गुणसूत्रांच्या संख्येचा मेळ घालण्यातच अनेक पिढ्या जातात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्रात आषाढी एकादशी व महाशिवरात्र ह्या उपवासाच्या दिवसांमुळे रताळ्याला ठरावीक वेळी मोठी मागणी असते. किडलेला माल त्या दिवशी कोणी घेत नाही, आणि दिवस टळला की भाव उतरतो. त्यामुळे किडीचे नुकसान वजनात मोजून भागत नाही. ते त्या एका बाजारात मोजावे लागते. भारतात ह्या पिकाचे प्रजनन मुख्यतः तिरुअनंतपुरम येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती कंदपीक संशोधन संस्थेत होत आले आहे. परंतु वरील विवेचनावरून हे स्पष्ट होते की, रोधकतेची पारख जेथे कीड नांदते त्याच मातीत झाली पाहिजे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात मोठ्या भेगा पडतात, कोकणच्या जांभ्या मातीत त्या तशा पडत नाहीत. म्हणून एकाच वाणाचे वर्तन दोन्ही ठिकाणी सारखे असेल असे धरून चालता येणार नाही.

आंशिक रोधकतेचा खरा उपयोग ती इतर उपायांना जोडली असताच होतो. स्वच्छ फाटे लावणे, वरंब्यांना वेळेवर भर देऊन भेगा बुजविणे, काढणी लांबवू न देणे, किडलेली मुळे व जुने वेल शेतात न ठेवणे आणि बांधावरील मर्यादवेल, नाळ ह्यांसारख्या आश्रयवेली काढणे, हे उपाय शेतकऱ्याच्या हातचे आहेत. नरभुंग्यांना भुलविणाऱ्या ज्या गंधद्रव्याची ओळख १९८६ मध्ये पटली, त्याचे सापळेही आता उपलब्ध आहेत. किडीची संख्या ह्या उपायांनी उतरली म्हणजे ज्या वाणाची रोधकता मोठ्या आक्रमणापुढे तोकडी पडली असती, तीच पुरेशी ठरते. उलट सर्व भार एका वाणावर टाकला आणि शेजारी दुसरे भक्ष्य उरू दिले नाही, तर नावडते मूळही मादी पत्करते. अप्रियता ही तुलनेची गोष्ट आहे, हे विसरून चालत नाही.

कंदमुळांच्या पिकात एका फटक्यात कीड नाहीशी करणारा वाण मिळेल, अशी आशा गेल्या अर्धशतकाच्या अनुभवाने बाळगू दिलेली नाही. त्या अनुभवाने दुसरी गोष्ट शिकविली आहे. समुदायात विखुरलेला थोडा थोडा प्रतिकार चिकाटीच्या निवडीने एकत्र करता येतो, तो सालीत असल्याने खाणाऱ्याला अपाय न होता पिकाला उपयोगी पडतो, आणि एकदा साधल्यावर तो साध्या फाट्याबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. ज्याच्याकडे पंप नाही, औषध नाही आणि कर्जाची सोय नाही, त्याच्या शेतातही तो तितकाच काम करतो. प्रजननकाराच्या अनेक वर्षांच्या श्रमांचे सार्थक येथेच आहे.